बास मी वाजवला नव्हता: आमच्या ध्वनिमुद्रकास अनावृत पत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर न पाठवता सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, याचा तुम्हाला राग येणार हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तुमचे नाव यात कुठेही लिहिलेले नाही. परंतु आमच्या एका गाण्यातला बास (जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार) मी वाजवला असे मी सांगत आलो, आणि ती चूक मी चारचौघांत केली, मुलाखतींत केली आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर छापूनही केली; तेव्हा तिची कबुली एका फोनवर देऊन मोकळे होणे मला पटत नाही. तुमचे आभारही त्याच कारणासाठी उघड मानायचे आहेत.

आमची पहिली रेकॉर्ड नव्याने काढायचे ठरल्यावर दोन महिन्यांपूर्वी मूळ टेपा बाहेर काढल्या. त्या काळच्या बऱ्याच टेपांमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारे रसायन वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषून चिकट होते, आणि अशी टेप यंत्रावर चढवली की ती हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते व थर खरवडून निघतो. म्हणून ती आधी साधारण 50 ते 55 अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद शेकावी लागते, आणि मग ती जोवर धड चालते तोवर तिची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. दोन इंच रुंदीच्या, चोवीस ट्रॅकच्या (म्हणजे शेजारी-शेजारी चोवीस वेगळे आवाज नोंदवणाऱ्या) त्या टेपा तुम्ही सेकंदाला 30 इंच या वेगाने चालवल्या होत्या. त्या वेगाने 2,500 फुटांचे रीळ जेमतेम साडेसोळा मिनिटे पुरते, त्यामुळे नऊ गाण्यांसाठी खोक्यांची एक भिंतच उभी होती. प्रत्येक खोक्यात तुमच्या अक्षरातला ट्रॅकचा तक्ता. चौथ्या गाण्याच्या तक्त्यात पाचव्या रकान्यात ‘बास’ असे लिहिलेले, आणि चोविसाव्या रकान्यात ‘बास, गिटारवाल्याचा’. त्याच्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात: ‘ठेवणे. वापरणे नाही.’

मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या गाण्यात आमच्या बासवाल्याने वाजवलेला भाग मला ढिला वाटत होता. तो रात्री घरी गेल्यावर मी तुम्हाला म्हणालो, की त्याचा बास पुसा आणि त्याच ट्रॅकवर मी वाजवतो तो घ्या. टेपवर एकाच ट्रॅकवर दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करणे म्हणजे पहिले कायमचे नष्ट करणे. आजच्यासारखे मागे जाऊन जुने परत आणण्याची सोय तेव्हा नव्हती. तुम्ही ‘बरं’ एवढेच म्हणालात आणि यंत्र सुरू केलेत. तुम्ही शेवटचा ट्रॅक नेहमी मोकळा ठेवत असा, हे मला माहीत होते. पण त्या रात्री लाल दिवा कोणत्या ट्रॅकवर लागला आहे हे मी पाहिलेदेखील नाही. पुढे मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायच्या, दिवशी मी तुमच्या शेजारी बसून माझ्या गिटारचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) किती वर असावा यावर दोन तास हुज्जत घातली, आणि त्या दोन तासांत गाण्यात बास कोणाचा वाजतो आहे हे मला कळले नाही. तेव्हाही नाही आणि नंतरच्या अठ्ठावीस वर्षांतही नाही.

कळायला हवे होते. मी बास पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवतो, बासवाला बोटांनी. पिकच्या स्वराला सुरुवातीस एक कडक टोक असते, बोटाचा स्वर गोलसर उमटतो. हे लहान मुलालाही ऐकू येईल. आता संगणकाच्या पडद्यावर दोन्ही ट्रॅक एकाखाली एक मांडून पाहिले, तेव्हा त्याला मी ‘ढिला’ का म्हणत होतो तेही दिसले. त्याचा प्रत्येक स्वर ड्रमच्या ठोक्यानंतर पंधरा ते वीस मिलिसेकंदांनी येतो. माझा ठोक्याच्या आधी येतो, घाई झाल्यासारखा. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे बासवाला ड्रमपासून सहा मीटर मागे उभा राहून वाजवत असता तर समोरच्याला जेवढा उशीर जाणवला असता तेवढाच हा उशीर. त्या उशिरानेच गाण्याला वजन आले आहे. माझा बास लावला की तेच गाणे धावत सुटते आणि गायिकेला श्वास घ्यायला जागा राहत नाही. मी दोन्ही आलटून पालटून दहा-बारा वेळा ऐकले. शेवटच्या काही वेळा माझा ट्रॅक मी पूर्ण ऐकलाही नाही.

आता प्रसिद्धीविषयी, कारण ही चूक तिथेच वाढली. ‘मला प्रसिद्धीचा मोह कधीच नव्हता’ असे सांगणारे कलावंत मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांच्यातल्या एकावरही माझा विश्वास नाही. मला प्रसिद्धी आवडली. अनोळखी माणसाने आपला रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) तोंडाने वाजवून दाखवावा यासारखे सुख थोडेच असते. पण तिची एक कार्यपद्धती असते, ती मला फार उशिरा उमगली. मुलाखत घेणाऱ्याला चार माणसे नको असतात, एक हवा असतो. आणि जो वेळेवर येतो व वाक्ये चटपटीत बोलतो तो एक ठरतो. आमच्यात तो मी होतो. पहिल्या मुलाखतीत मी सांगितले की त्या गाण्याचा बास ‘आम्ही’ पुन्हा केला. चौथ्या-पाचव्या मुलाखतीपर्यंत ‘आम्ही’चे ‘मी’ झाले. पुढे तो किस्सा मी मंचावरही सांगू लागलो, लोक हसत, आणि बासवाला माझ्यापासून चार पावलांवर उभा राहून गिटारच्या खुंट्या पिळत राही. खोटे बोलतो आहे असे मला कधीच वाटले नाही, कारण माझ्या समजुतीप्रमाणे ते खरेच होते. पण खरे असते तरी ते सांगण्याची गरज काय होती, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

लोकांच्या गजरात स्वतःखेरीज काही ऐकू येत नाही, हे मी केवळ अलंकाराने म्हणत नाही. बीटल्सनी 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये तिकीट लावून शेवटचा कार्यक्रम केला आणि दौरे थांबवले, त्यामागच्या कारणांपैकी एक हेच होते की किंकाळ्यांमध्ये त्यांना आपले वाजवणे ऐकू येईनासे झाले होते. आमच्या वाट्याला त्याच्या शतांशही गर्दी आली नाही, तरी माझी स्थिती फार निराळी नव्हती. फरक एवढाच की किंकाळ्यांऐवजी माझाच ॲम्प्लिफायर मला बहिरा करत होता. कानात घालायचे बोळे तुम्ही पहिल्या दौऱ्याआधी माझ्या हातात ठेवलेत, आणि सोबत हिशेबही सांगितलात: 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो, त्यापुढे दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते, म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटे. आमचा कार्यक्रम नव्वद मिनिटांचा असे. मी ते बोळे गिटारच्या पेटीत टाकले आणि तीन वर्षे तिथेच राहू दिले. उजव्या कानात आता रात्री जी शिट्टी वाजते तिचा दोष दुसऱ्या कोणाकडे जात नाही. उरलेला कान मात्र तुमच्यामुळे शाबूत आहे.

पण तुमचे खरे ऋण रेकॉर्डिंगच्या खोलीतले आहे. तिच्याविषयी मी बोलू लागलो की थांबत नाही, तेव्हा थोडे सोसून घ्या.

आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो होतो की बीटल्सच्या पहिल्या आल्बममधली दहा गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली, तर आम्हाला तीन दिवस पुष्कळ झाले. तुम्ही चष्मा पुसत विचारलेत, की त्याआधी त्यांनी हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्रीमागून रात्री तासन्‌तास वाजवले होते, तुमचे कार्यक्रम किती झाले? अकरा झाले होते. तुम्ही आम्हाला तीन आठवडे तालीम करायला परत पाठवलेत. त्या वेळी मी बाहेर येऊन तुमच्याबद्दल जे बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही.

परत आलो तेव्हा मी पायाखाली गिटारचा आवाज बदलणाऱ्या इफेक्ट पेडलांची रांग मांडली आणि आवाज सर्वांत जाड कसा होईल याच्या मागे लागलो. तुम्ही मला गिटार वाजवत ठेवून स्पीकरपुढे गुडघे टेकून बसलात. समोर शुअर कंपनीचा एसएम57 माइक, जो 1965 पासून बनतो आहे आणि ज्याच्यात दाखवण्यासारखे काहीही नाही. तुम्ही तो माइक शंकूच्या मध्यावरून कडेच्या दिशेने दोन बोटे सरकवलात, आणि हेडफोनमधला कर्कश, काचेसारखा आवाज एकाएकी लाकडासारखा ऊबदार झाला. मग परत मध्याकडे एक बोट. नंतर माझ्या सगळ्या पेडलांना वळसा घालून गिटारची वायर थेट ॲम्प्लिफायरमध्ये खोचलीत आणि डिस्टॉर्शन मी ठेवले होते त्याच्या निम्म्यावर आणलेत. मी म्हणालो, हे तर बारीक वाटते. तुम्ही म्हणालात, आता हेच पुन्हा एकदा वाजव, पहिल्यासारखेच, पण पहिले ऐकू नकोस. दोन्ही टेक एक डावीकडे, एक उजवीकडे लावलेत, आणि जी भिंत मी पेडलांतून शोधत होतो ती तिथे उभी होती. दोन वाजवण्यांतला बारीकसा फरकच आवाजाला रुंदी देतो. एकाच टेकची नक्कल दोन्हीकडे लावली तर तो जागेवरच राहतो. हे आज मला पाठ आहे, आणि मुलांना शिकवताना मी ते माझ्या शोधासारखे सांगतो. तेही आजपासून बंद.

तुमच्या खोलीत मला सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट एका बटणाची होती. सातव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मी गायिकेच्या प्रत्येक ओळीनंतर एक तान भरली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. तुम्ही काही न बोलता माझ्या ट्रॅकचे म्यूटचे बटण दाबलेत. कडवे संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मग ड्रमवाला म्हणाला, ‘अरे, ती काय गातेय ते आज कळलं.’ मी खोलीबाहेर गेलो, आणि तुम्ही मला बोलवायला आला नाहीत. अर्ध्या तासाने मी स्वतःच परत आलो तेव्हा बटण तसेच दाबलेले होते. त्या कडव्यात आजही गिटार नाही, आणि लोक मला ज्या गाण्यासाठी ओळखतात ते तेच.

सहकाऱ्यांबद्दल एवढे सांगतो, की बँड म्हणजे कुटुंब वगैरे जे म्हटले जाते ते मला कधी जाणवले नाही. ती चार माणसांची साथसंगत असते आणि तिच्यात पैसा आला की साथ कोणाची आणि गाणे कोणाचे हा प्रश्न येतोच. आम्ही गीत-संगीताच्या श्रेयात फक्त माझे आणि गायिकेचे नाव घातले, कारण चाल माझी आणि शब्द तिचे. वरकरणी हे रास्त होते. पण कार्यक्रमाचे पैसे चौघांत समान आणि रचनेची रॉयल्टी दोघांत, ही तफावत वर्षागणिक वाढत गेली. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात की लोक बासची ओळ गुणगुणत असतील तर ती रचना नव्हे काय, याचा विचार आधी करा. पुढे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ या 1967 च्या गाण्याचा खटला मी वाचला. त्यात ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशर यांना, त्यांनी रचलेल्या ऑर्गनच्या भागासाठी, 2006 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने संगीताच्या हक्कात 40 टक्के वाटा दिला आणि 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने) त्यांचा हक्क कायम केला. गाणे निघाल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी ते न्यायालयात गेले होते. आरईएमसारख्या बँडने चौघांचीही नावे समान घालून हा कलह मुळातच टाळला होता. आमच्या ड्रमवाल्याने न्यायालयाची पायरी चढली नाही. तो बँड सोडून गेला, आणि मला कारण विचारावे लागले नाही.

दुसऱ्या रेकॉर्डबद्दल मला तुमची क्षमाच मागायची आहे. ती आम्हाला सर्वांपेक्षा मोठ्या आवाजाची हवी होती. मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्ड काढण्याआधीच्या शेवटच्या संस्कारात, हळू आणि जोरकस यांतले अंतर दाबून सगळे एका उंचीवर आणले, ड्रमचा ठोका चपटा झाला, आणि तुम्ही शांतपणे सांगितलेत की यावर माझे नाव घालू नका. आम्ही ते मनावर घेतले नाही. आज स्ट्रीमिंग सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज आपल्या ठरलेल्या पातळीवर आणतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचे एकक) आहे, म्हणून आमची ती गर्जना आपोआप खाली ओढली जाते आणि मागे केवळ चपटेपणा उरतो. पहिली रेकॉर्ड तिच्याशेजारी लावली की तीच मोठी वाटते. कंपनीने दिलेली आगाऊ रक्कम आमच्याच रॉयल्टीतून वळती होत राहिली आणि दुसऱ्या रेकॉर्डचा हिशेब कधी फिटलाच नाही, हा त्याच कथेचा उरलेला भाग. त्यात सांगण्यासारखे विशेष नाही, करार न वाचता सही करणाऱ्याचे जे होते ते झाले.

टेप ऐकल्यावर मी पहिला फोन बासवाल्याला केला. बऱ्याच वर्षांनी. सगळे सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मला माहीत होतं. माझी बोटं मला ओळखू येणार नाहीत का?’ रेकॉर्ड बाहेर पडली त्याच दिवशी त्याला कळले होते. मग इतकी वर्षे मंचावर माझा किस्सा का ऐकून घेतलास, असे विचारले तर म्हणाला, ‘गाण्यात मी होतोच ना.’ दुसरा फोन तुम्हाला केला, आणि तुम्ही पुसले का नाही असे विचारले. तुम्ही म्हणालात, ‘तू दमला होतास. दमलेल्या माणसाच्या सांगण्यावरून मी काही पुसत नाही.’ माझा अपराध तुम्ही थकव्याच्या खात्यावर मांडून टाकलात. मी दमलो नव्हतो, दादा. मला तो नको होता.

तेव्हा आभार मानायचे ते याचे, की तुम्ही माझे ऐकले नाहीत. माझ्या तोंडावर ‘बरं’ म्हणालात, चोविसाव्या ट्रॅकवर माझा हट्ट पूर्ण होऊ दिलात, आणि पाचव्याला हात लावला नाहीत. आणि नंतर मी जगभर फुशारकी मारत असताना एका शब्दाने मला तोंडघशी पाडले नाहीत. तो तक्ता कुणाला दाखवला असतात तर एका दिवसात माझी शोभा झाली असती.

नव्या वेष्टनाचा मजकूर तयार आहे. चौथ्या गाण्यापुढे बासवाल्याचे नाव आहे, रचनेच्या श्रेयात चौघांची नावे आहेत आणि त्याची कागदपत्रे गायिकेच्या व माझ्या सहीने झाली आहेत. ड्रमवाल्याला त्याची प्रत पाठवली, उत्तर अजून आलेले नाही. पहिल्या आवृत्तीत ‘निर्मिती’पुढे माझे एकट्याचे नाव होते आणि तुमचे नाव मागच्या बाजूला शेवटच्या ओळीत, तेही एका अक्षराने चुकलेले. या वेळी ‘ध्वनिमुद्रण आणि निर्मिती’ यापुढे फक्त तुमचे नाव आहे. ते नको असे तुम्ही म्हणाल, म्हणून आधीच सांगतो की या एका बाबतीत मीही तुम्हाला ‘बरं’ म्हणेन आणि छापायचे तेच छापेन. मजकूर पुढच्या आठवड्यात छपाईला जातो आहे. त्याआधी नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, तेवढे मात्र कळवा.

तुमचा,
गिटारवाला